बुडवून की शिंपडून

दौंडला आमचं रेल्वेचं क्वार्टर होतं. दोन खोल्या, मागे ओटा, ओट्याला लागून मोरी. पप्पा लोकोशेडमध्ये फिटर होते आणि आमचं घर शेडच्या भोंग्यावर चालायचं. पहिल्या भोंग्याला चहा, दुसऱ्याला डबा, संध्याकाळच्या भोंग्याला बंब पेटवायचा, कारण पप्पा कोपरापर्यंत ग्रीस घेऊन येत. रविवारी भोंगा नसे, पण घरातली कामं त्याच दिवशी सगळ्यांत नेमकी होत. वाटण आदल्या संध्याकाळी पाट्यावर झालेलं असे. चर्चला निघताना मटणाचं पातेलं मंद शेगडीवर, झाकणात पाणी, आणि शेजारच्या काकूंना सांगून जायचं, की झाकणातलं पाणी आत ओता आणि दुसरं ठेवा. परत येईपर्यंत रस्सा झालेला असे. बाजरीची भाकरी मात्र आल्यावरच, कारण गार भाकरी पप्पांना चालत नसे. महिनाअखेरीला मटणाऐवजी भीमेतली चिलापी मासळी असे. काटे काढून खायची सवय मला तिथेच लागली. आजही मी ताटाच्या कडेला काटे ओळीनं लावून ठेवते आणि माझी मुलं हसतात.

चर्च रुळांच्या इतकं जवळ होतं, की मालगाडी जाऊ लागली की उपदेश थांबायचा. पाळक पुस्तकावर हात ठेवून उभे राहत आणि शेवटचा डबा गेला की राहिलेलं वाक्य पुरं करत. उपदेश असाच असतो अशी माझी लहानपणी समजूत होती. सुट्टीत आजोळी शिरूरला गेल्यावर मी पहिल्यांदा सलग उपदेश ऐकला आणि तो मला फार लांबल्यासारखा वाटला.

शिरूरचं आजोळ मिशनच्या मंडळीतलं, म्हणजे मिशनच्या चर्चचं. आईचे वडील, म्हणजे आमचे आबा, मिशनच्या शाळेत मास्तर होते. तिथे लेकरू काही महिन्यांचं झालं की आईबाप त्याला चर्चमध्ये पुढे नेत, पाळक वाटीतलं पाणी त्याच्या कपाळावर शिंपडत, आणि तो त्याचा बाप्तिस्मा. आईचा असाच झाला होता. आम्ही दौंडचे मात्र बॅप्टिस्ट. आमच्यात माणूस कळता झाला की स्वतःच्या तोंडानं विश्वासाची कबुली देतो आणि मग त्याला पाण्यात पूर्ण बुडवून वर काढतात. लहानपणी शिंपडलेलं पाणी धरत नाहीत. ज्याला बुडवलं नाही तो मंडळीचा सभासद नाही, आणि सभासद नाही त्याला प्रभुभोजनात, म्हणजे महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकर आणि द्राक्षरस वाटतात त्यात, भाग नाही. आमच्या सगळ्या मंडळ्यांचं मिळून जे कौन्सिल आहे, त्याचा हा छापील नियम. त्याच पुस्तकात, पुढच्याच पानावर, दुसरा नियम आहे: प्रत्येक मंडळी आपला कारभार आपण पाहील, बाहेरचा कोणी तिला हुकूम देणार नाही. या दोन नियमांच्या मधल्या जागेत दौंडची मंडळी आरामात राहत होती.

कारण सुना तर शिरूरहूनच यायच्या. दौंडात ख्रिस्ती घरं मोजकी, त्यांत निम्मी एकमेकांच्या नात्यातली. मुलगी बघायची तर शिरूर, नाहीतर त्याच्याही पुढे. मग आमच्या जुन्या पाळकांनी वाट काढली होती. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी ते नव्या सुनेला पुढे बोलवत, सगळ्यांसमोर तिच्या हातात हात देत, आणि म्हणत, ही आता आपली. त्या महिन्यापासून ती प्रभुभोजनाला बसे. नियमाप्रमाणे लेकराच्या अंगाला पाणी लावायचं नाही, नुसती प्रार्थना करून त्याला देवाला अर्पण करायचं. पण शिरूरहून आलेल्या आज्या पाळकांच्या पाण्याच्या पेल्यात बोट बुडवून ते हळूच लेकराच्या कपाळाला पुसत, आणि त्याच वेळी पाळकांना खिडकीबाहेर काहीतरी बघायचं असे. याबद्दल कधी कोणी चर्चा केली नाही. आमच्यासाठी तो धर्माचाच भाग होता.

जुने पाळक निवृत्त झाले आणि नवे आले तेव्हा मी दहावीला होते. नवे पाळकसाहेब तरुण होते, शिकून आलेले, सायकलवर सगळीकडे फिरणारे. त्यांच्याविषयी मला वाईट काही लिहिता येणार नाही. आजाऱ्याकडे ते सगळ्यांत आधी पोचत. पण छापलेलं ते छापल्याप्रमाणे पाळत. पहिल्याच प्रभुभोजनाला त्यांनी सांगितलं, की पाण्यात बुडवून ज्यांचा बाप्तिस्मा झाला आहे त्यांनीच भाग घ्यावा, बाकीच्यांनी जागेवर बसून मनात प्रार्थना करावी. बायकांच्या बाजूला चुळबुळ झाली. पण बाकीच्यांत कोण कोण येतं ते त्यांना अजून ठाऊक नव्हतं, आणि त्या दिवशी भाकरीचं ताट नेहमीसारखं फिरलं. पुढच्या आठवड्यात ते घरोघर जाऊन विचारून आले. आईनं सरळ सांगितलं, की माझा शिरूरला झाला, लहानपणी. ते म्हणाले, काही अडचण नाही, उन्हाळ्यात बाप्तिस्मे आहेत, त्यात तुमचाही करून घेऊ.

माझाही त्याच वेळी होणार होता, आणि आई-मुलगी एकाच दिवशी हे पाळकसाहेबांना फार छान वाटलं. आईनं त्यांना चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं.

बाकीच्या सुनांनी एवढं मनावर घेतलं नाही. सगुणामावशी म्हणून आईची शिरूरचीच मैत्रीण होती, ती तर म्हणाली, "उन्हाळाच हाय, बुडते की एकदा. नवऱ्यापायी येवढं केलं, त्यात ह्ये एक." आईला ती म्हणायची, की तुझ्या अंगात मास्तरीण हाय. आई हसायची, पण हलली नाही. घरात पप्पांनी एकदाच विषय काढला, आणि ती जे बोलली ते मला शब्दाशब्दानं आठवतं, कारण आई लांब बोलणारी बाई नव्हती.

"आबांनी मला कडेवर घेऊन देवाच्या पुढं नेलं. ते झालंच नाही असं म्हणायला मी पाण्यात उतरू? मला नाही जमणार."

त्यानंतर महिन्याच्या पहिल्या रविवारी आई शेवटच्या बाकावर बसू लागली. बाकीच्या सुना उन्हाळ्यात बुडणारच होत्या, त्या आपल्या नेहमीच्या बाकांवर बसून तोवर ताट पुढे जाऊ देत. पप्पा मंडळीचे डीकन होते. भाकरीचं ताट घेऊन बाकाबाकापाशी जाणं हे डीकनचं काम. पप्पा पुढून सुरुवात करत, एकेक बाक करत मागे येत, आणि शेवटच्या बाकाच्या अलीकडून वळत. आई हात मांडीवर ठेवून समोर बघत असे. मी तिच्या शेजारी. माझा बाप्तिस्मा अजून झाला नव्हता, त्यामुळे माझं तिथे बसणं रीतीचंच होतं. तिचं नव्हतं. त्या दिवशी दुपारी जेवताना पप्पा भाकरी कशी झाली ते सांगत नसत, आणि एरवी ते न सांगता जेवण उरकत नसत.

मे महिन्यात आम्ही शिरूरला गेलो तेव्हा आईनं आबांना सगळं सांगितलं. मला वाटलं, आबा चिडतील. ते झोपाळ्यावर बसून आंबा पिळत होते. म्हणाले, "जा की, बूड. दौंडकरांना पाणी जास्त लागतं. मला त्याचा राग नाही."

"तुम्हाला नसेल," आई म्हणाली. "मला आहे."

आबांनी आंब्यातली कोय काढून तिच्यापुढे धरली. मग म्हणाले, की कोयीला अजून पुष्कळ गर आहे, घे.

परवानगी मिळूनही माणूस अडून बसतो हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आता मला ते समजतं. तेव्हा मला फक्त एवढंच कळत होतं, की जूनच्या सुरुवातीला, पावसाआधी, माझा बाप्तिस्मा झाला की पुढच्या प्रभुभोजनाला मी पुढच्या बाकावर जाणार आणि आई मागे एकटी राहणार.

बाप्तिस्मे नदीत व्हायचे नाहीत. उन्हाळ्यात भीमेला पाणी नसे आणि पावसाळ्यात ती गढूळ. म्हणून पाटसच्या रस्त्याला एका बागाईतदाराच्या मळ्यात आमची मंडळी जात असे. त्यांना सगळे आप्पा म्हणत. मराठ्यांचं मोठं घर, ऊस कारखान्याला जायचा. आप्पांच्या विहिरीला लागून सिमेंटचा हौद होता, माणसाच्या छातीइतका खोल. मोटर विहिरीतलं पाणी हौदात टाकी आणि हौदाच्या तळाच्या भोकातून ते पाटानं उसाला जाई. बाप्तिस्म्याच्या दिवशी त्या भोकाला पोत्याचा बोळा कोंबत. बोळा थोडा गळायचाच, पण मोटर चालू असेपर्यंत पाणी तेवढंच राहायचं. आप्पा ख्रिस्ती नव्हते आणि त्यांना आमच्यातलं फारसं कळत नव्हतं, पण दर वर्षी ते धुतलेलं धोतर नेसून हौदाच्या कठड्यावर बसत आणि सगळ्यांना चहा देत.

त्या वर्षी आम्ही पोचलो तेव्हा हौद निम्मासुद्धा भरलेला नव्हता. आप्पांच्या थोरल्या मुलानं रात्रीची लाइट मिळाली म्हणून उसाला पाणी सोडलं होतं आणि हौद रिकामा केला होता. सकाळी मोटर पुन्हा लावली होती. आप्पा पाळकसाहेबांना म्हणाले, "उरका लवकर. लाइट धाला जाती. त्याच्या आदी बी जाती कवा कवा. देवाचं काम हाय म्हनून ती काय थांबायची न्हाई."

पाळकसाहेबांनी पाणी कमरेपर्यंत येऊ दिलं आणि मग सुरुवात केली. आधी पुरुष, मग बायका, मग आम्ही पोरंपोरी. आमच्यात डीकनच्या घरचं माणूस शेवटी जातं, जशी यजमानाची पंगत शेवटी बसते, म्हणून मी सगळ्यांच्या मागे. पांढरी साडी, पदर खोचून पिनांनी घट्ट केलेला. कठड्याभोवती मंडळी गाणी म्हणत होती. सगुणामावशी नाक धरून गेली आणि वर येताना तिनं पाळकसाहेबांचाच दंड असा धरला, की तेही जवळजवळ खाली गेले. आप्पा म्हणाले, "पास्टर, आता तुमचाबी झाला." पाळकसाहेबसुद्धा हसले.

मोटरचा आवाज बंद झाला तेव्हा माझ्या पुढे अजून चौघं होती. एरवी मोटर चालू असताना तिचा आवाज कोणाच्या ध्यानात येत नाही, पण बंद पडल्यावर सगळ्यांनी एकदम विहिरीकडे पाहिलं. बोळा गळतच होता. पहिल्या मुलाला पाणी मांडीपर्यंत होतं, त्याच्यानंतरच्याला गुडघ्यापर्यंत. पाळकसाहेब त्यांना आडवं करत आणि खाली दाबत होते. माझ्या आधीच्या मुलीचं पोट वर राहिलं आणि ते त्यांनी हातानं खाली लोटलं. मी उतरले तेव्हा पाणी पोटरीच्या खाली होतं आणि तळाचं शेवाळं दिसत होतं. कबुलीचे प्रश्न झाले, मी उत्तरं दिली. त्यांनी मला मागे टेकवलं. पाठ भिजली, डोक्याची मागची बाजू भिजली, पण तोंड, छाती आणि गुडघे कोरडेच. त्यांनी मला उठवलं, थोडं पुढे नेलं, जिथे जरा खोल होतं तिथे पुन्हा आडवं केलं. तिथेही तसंच. वर मंडळी शेवटचं कडवं दुसऱ्यांदा म्हणत होती. आप्पांनी कठड्यावरून तांब्या खाली दिला. पाळकसाहेबांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, मग तो घेतला, बुडवला, आणि पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावानं माझ्या डोक्यावर ओतला. वरून सगळे आमेन म्हणाले.

आई टॉवेल घेऊन उभी होती. मी वर आले तशी तिनं मला गुंडाळलं आणि माझे केस पुसत पुसत पाळकसाहेबांना विचारलं, "झाला ना हिचा?"

"झाला," ते म्हणाले.

"माझा असाच झाला होता," आई म्हणाली. आवाज चढवला नाही की कोणाकडे पाहिलं नाही. पाळकसाहेबांच्या अंगावरून पाणी निथळत होतं. आप्पांनी चहा आणवला.

दुपारी ते आमच्या घरी आले. येणार हे आईला माहीत असावं, कारण तिनं पोह्यांची तयारी करून ठेवली होती. ते म्हणाले, घाईत चूक झाली, दोष माझा आहे, येत्या रविवारी हौद आदल्या दिवशी भरून घेतो आणि कृपाचा बाप्तिस्मा नीट करतो. कृपा म्हणजे मी. ते मनापासून बोलत होते. पळवाट असूनही न घेणारा माणूस होता तो, आणि ती गोष्ट मला आज त्या वेळेपेक्षा जास्त मोलाची वाटते. पण तेव्हा मी सोळा वर्षांची होते आणि सगळ्या गोष्टींची नोंद ठेवायची सवय मला तेव्हाही होती.

मी म्हटलं, "पाळकसाहेब, मी कबुली दिली. तुम्ही नाव घेतलं. पाणी पडलं. मंडळी आमेन म्हणाली. राहिलं काय?"

"बुडणं राहिलं."

"ते लाइटमुळं राहिलं. मी पुन्हा येणार नाही."

आईनं माझ्याकडे पाहिलं. ती खूश झाली असं मी लिहिलं तर खोटं होईल. ती घाबरली होती. आपल्या हट्टापायी पोरगीही मागच्या बाकावर राहते की काय, हे तिच्या डोळ्यांत स्पष्ट होतं. ती म्हणाली, तू जाऊन ये, माझं निराळं आहे. मी म्हटलं, काय निराळं आहे ते मला सांग.

मग पप्पा बोलले. एवढ्या महिन्यांत या विषयावर ते बाहेरच्या माणसासमोर पहिल्यांदाच बोलत होते. "साहेब, मी तुम्हाला नियम शिकवणार नाही. बाहेरचा कोणी आपल्याला हुकूम देत नाही, तो नियमही तुम्हाला माहीत आहे. मला फक्त कामाचं सांगा. प्रभुभोजनाला मी ताट घेऊन मागे आलो, की वळू का पुढं जाऊ? एकीला टाळून आजवर वळलो. दोघींना टाळून नाही वळणार. तसं करायचं असेल तर ताट दुसऱ्याच्या हातात द्या."

पाळकसाहेबांनी पोहे संपवले. विचार करतो म्हणाले, प्रार्थना केली, आणि सायकलवर बसून गेले.

मधले आठवडे तसेच गेले. मला पुन्हा बोलावणं आलं नाही आणि झालं ते चाललं असंही कळलं नाही. पहिल्या रविवारी आई नेहमीच्या, म्हणजे शेवटच्या, बाकावर बसली आणि मी तिच्या शेजारी. पाळकसाहेब मेजामागे उभे राहिले. एक मालगाडी आली, ते थांबले. ती गेल्यावर त्यांनी वाक्य सुरू केलं. म्हणाले, ज्यांचा बाप्तिस्मा झाला आहे त्यांनी भाग घ्यावा. एवढंच. मग ते मेजावरचा कपडा काढू लागले. बायकांच्या बाजूला एकीनं दुसरीला कोपर मारलेलं मला दिसलं. ‘पाण्यात बुडवून’ हे शब्द गळले होते, आणि त्यांच्यासारख्या माणसाच्या तोंडून चुकून शब्द गळत नसत.

पप्पा ताट घेऊन पुढून निघाले. एकेक बाक करत मागे आले, नेहमी वळत त्या ठिकाणी न थांबता पुढे आले आणि त्यांनी ताट आईपुढे धरलं. आईनं लगेच हात पुढे केला नाही. ती मेजाकडे पाहत होती. पाळकसाहेबांनीही तिच्याकडे पाहिलं आणि मान किंचित खाली केली. मग तिनं तुकडा उचलला. मग पप्पांनी ताट माझ्यापुढे धरलं आणि मीही उचलला.

पुढे ते पाळकसाहेब आमच्याकडे पुष्कळ वर्षं राहिले. त्यांनी नियमाविरुद्ध एक शब्द कधी लिहिला नाही, उपदेशातही काढला नाही. बाप्तिस्मे बुडवूनच करत आणि हौद आदल्या दिवशी स्वतः जाऊन बघून येत. पण ते गळलेले शब्द त्यांनी परत कधी घेतले नाहीत. कौन्सिलचं नियमांचं पुस्तक मधे नव्यानं छापून आलं. मी आता मंडळीची सेक्रेटरी आहे, ते माझ्याच कपाटात आहे. नियम तोच आहे.

गेल्या महिन्यात आमच्या मंडळीतल्या एका घरात नवी सून आली. मुलगा रांजणगावच्या कंपनीत शिफ्टला जातो, मुलगी कवठे येमाईकडची, शाळा शिरूरला झालेली. पहिल्याच प्रभुभोजनाला ती दाराशी घुटमळत होती. माझी आई आता ऐंशीच्या पुढे आहे, गुडघे दुखतात म्हणून दारालगतच्या बाकावर बसते. तिनं मुलीला विचारलं, "बाप्तिस्मा झालाय का गं?"

"झालाय, आजी. पण आमच्याकडं लहानपणीच..."

"एवढंच विचारलं," आई म्हणाली. "सरक आत, मागून माणसं येतायत."